ऐकू येतं, पण कळत नाही: कमी ऐकू येणाऱ्या वडिलांशी फोनवर कसं बोलावं

प्रश्न: माझे बाबा ७८ वर्षांचे आहेत. आई-बाबा वाईला असतात, मी टोरांटोला. दोन वर्षांपूर्वी बाबांना दोन्ही कानांना कानामागची मशीन घेतली. घरात समोरासमोर त्यांचं बरं चालतं, पण फोनवर दोन वाक्यं झाली की ‘हं, हं’ करतात आणि फोन आईकडे देतात. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी फोनवरच रक्तदाबाची जुनी गोळी बंद करून नवी सुरू करायला सांगितली. बाबांनी दोन्ही घेतल्या आणि चक्कर येऊन पडले. मी मोठ्याने बोलले की म्हणतात, ‘ओरडतेस कशाला?’ आणखी महागडं मशीन घ्यावं का?

उत्तर:

मशीन बदलायचा विचार सध्या बाजूला ठेवा. समोरासमोर त्यांचं चाललंय, म्हणजे मशीन आपलं काम करतंय. अडतंय ते फोनवर, आणि फोनवरच्या बोलण्यात निम्मं काम बोलणाऱ्याचं असतं. मी वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांवर काम करणाऱ्या संस्थेत शिकले आणि गेली सव्वीस वर्षं ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून मशीन लावून देणारी तज्ज्ञ, म्हणून काम करते आहे. या काळात ‘नवीन मशीन द्या’ म्हणत आलेल्या कितीतरी घरांना मी मशीन न देता परत पाठवलंय. घरच्यांना बोलायचं कसं ते शिकवलं आणि फरक पडला.

आधी हे का होतं ते सांगते, कारण ते कळलं की पुढचं तुम्हाला आपोआप सुचत जाईल.

वयाबरोबर कान जातो तो सगळा सारखा जात नाही. आधी जातात बारीक, उंच पट्टीचे आवाज. आपल्या बोलण्यात अ, आ, ओ हे स्वर जाड, खालच्या पट्टीचे. ते बाबांना छान ऐकू येतात, म्हणून कुणीतरी बोलतंय हे त्यांना कळतं. पण शब्दाला शब्द बनवणारी व्यंजनं, त्यातही स, श, फ, थ, ख, यांचा जोर वरच्या पट्टीत असतो. ‘स’चा बराचसा आवाज ४००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे पट्टी मोजायचं माप, आकडा मोठा तेवढी पट्टी उंच) वर असतो. ती व्यंजनं गळाली की उरतो नुसता स्वरांचा काला. ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ हे जे म्हातारी माणसं म्हणतात ते शब्दशः खरं आहे. घरच्यांना मात्र ते सबब वाटतं. ‘त्यांना हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं’ हे वाक्य माझ्या दवाखान्यात दर आठवड्याला कुणीतरी म्हणतंच, तेही त्या माणसाच्या देखत.

आता ओरडण्याचं. आपण ओरडतो तेव्हा स्वर मोठे होतात, व्यंजनं फारशी मोठी होत नाहीत. म्हणजे जे आधीच ऐकू येतंय ते आणखी मोठं आणि जे हरवलंय ते हरवलेलंच. शिवाय कानाच्या आतल्या पेशी गेल्या की ऐकू येणं आणि सहन होणं यांतलं अंतर कमी होतं. थोडा आवाज वाढवला की एकदम कानात घण घातल्यासारखं होतं. तेव्हा ‘ओरडतेस कशाला’ हा बाबांचा चिडकेपणा नाही. त्यांना खरंच त्रास होतो.

फोनवर हे दुप्पट का होतं? साधा फोन आपला पूर्ण आवाज पोचवतच नाही. ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा त्यातून जातो, कारण तरुण कानाला बोलणं समजायला तेवढं पुरतं. बाबांच्या कानाने वरचं आधीच कापलंय, त्यावर फोनची कात्री. व्हॉट्सअ‍ॅपसारखे इंटरनेटवरचे कॉल किंवा दोन्हीकडे चालू असेल तर ४जीचा व्हीओएलटीई कॉल यांत पट्टा ७००० हर्ट्झपर्यंत, कधी त्याच्याही पुढे जातो. म्हणून नेट चांगलं असेल तर परदेशातून साधा कॉल करूच नका. नेट तुटक असेल तर मात्र साधा कॉल बरा, कारण मधूनमधून गायब होणारे शब्द त्यांना अजिबात भरून काढता येत नाहीत.

दुसरी कात्री डोळ्यांवर. आपण सगळेच थोडेफार ओठ वाचतो, बाबा नकळत खूप वाचतात. गंमत अशी की डोळा आणि कान एकमेकांच्या उणिवा बरोबर भरून काढतात. प आणि त यांतला फरक कमी ऐकणाऱ्या कानाला कळत नाही, पण डोळ्याला लख्ख दिसतो, कारण एकात ओठ मिटतात. उलट प, ब, म यांतला फरक डोळ्याला दिसत नाही, पण म चा गुंजारव खालच्या पट्टीत असल्यामुळे कानाला पुष्कळदा कळतो. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पाट’, ‘भात’, ‘माठ’ म्हणून बघा. ओठ जवळजवळ सारखेच हलतात. बाबा समोर बसलेल्या माणसाकडून हे दोन्ही धागे घेऊन शब्द विणतात. फोनवर त्यातला एक धागा तुटतो. करोनाच्या काळात मास्कने हेच केलं. ओठ झाकले आणि वर बारीक आवाजही दाबले, साध्या मास्कने तीन-चार डेसिबल, एन-९५ने बाराच्या आसपास. तोवर आपलं ऐकणं कमी झालंय हेच ठाऊक नसलेली कितीतरी माणसं त्या दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे आली.

(टेलिफोनचं पेटंट घेणारा अलेक्झांडर ग्रॅहम बेल मुळात बहिऱ्या मुलांचा शिक्षक. त्याच्या आईला कमी ऐकू येई, आणि त्याची बायको मेबल पाच वर्षांची असताना स्कार्लेट फिव्हरने तिचे कान गेले होते. ती उत्तम ओठ वाचायची. नवऱ्याचं यंत्र जगभर गेलं, पण तिला ते वापरता आलं नाही. हा तपशील मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगते.)

आता आपल्या मराठीकडे येते. परदेशी पुस्तकांत हे सापडायचं नाही, आणि तुमच्या घरचा गोळीचा घोळ बहुधा इथेच झालाय.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘ती पांढरी गोळी आता सकाळची घ्यायची नाही.’ आणि आपला आवाज कुठे पडतो? तोही वाक्याच्या शेवटीच. बोलता बोलता श्वास संपत येतो, सूर उतरतो आणि नेमका ‘नाही’ पुटपुटल्यासारखा जातो. बाबांना ‘पांढरी गोळी… सकाळची… घ्यायची’ एवढं पोचलं असणार, आणि त्यांनी ते इमानाने पाळलं. ‘घेऊ नका’चंही तसंच, ‘घेऊ’ पोचतं आणि ‘नका’ विरतं. म्हणून बंद करायची गोष्ट असेल तर नकार पुढे आणा: ‘बंद. पांढरी गोळी बंद.’ एवढंच. कारण, कौतुक, काळजी, सगळं नंतर. डॉक्टरांनाही हे सांगा. चांगला डॉक्टर याचा राग धरत नाही.

आकड्यांचं तर विचारू नका. चार, पाच, सात, आठ. नऊ आकड्यांतल्या या चारांत एकच स्वर, ‘आ’. व्यंजनं काढून टाकली तर चारही सारखे. मी ऐकण्याच्या तपासणीनंतर लोकांना फोन नंबर लिहून घ्यायला सांगते तेव्हा चुका याच चार आकड्यांत होतात. जोडआकडे त्याहून कठीण: सत्तावीस, सत्तावन्न, सत्त्याण्णव, पंचावन्न, पंचाण्णव. बाबांना इंग्रजी आकड्यांची सवय असेल तर फोनवर फोर, फाइव्ह, सेव्हन, एट असं एकेक सुटं सांगा, त्यांचे स्वर वेगवेगळे आहेत. मराठीतच सांगायचं तर ‘सात, सोमवार ते रविवार सात’ असा आधार जोडा. आणि ‘परवा’ हा शब्द फोनवर वापरूच नका. तो मागचाही असतो आणि पुढचाही. समोर बसलं असताना हाताच्या खुणेने भागतं. फोनवर वार सांगा.

विषय बदलताना आधी विषयाचं नाव घ्या. कमी ऐकणारा माणूस अंदाजाच्या जोरावर ऐकतो, आणि अंदाजाला कशाबद्दल बोलणं चाललंय हे लागतं. गणपतीला कोण येणार हे बोलता बोलता तुम्ही एकदम लाइट बिलावर गेलात, तर पुढची चार वाक्यं ते गणपतीतच शोधत राहतात. ‘बाबा, आता लाइट बिलाचं’ म्हणा, क्षणभर थांबा, मग बोला. एखादा शब्द दोनदा सांगून कळला नाही तर तोच तिसऱ्यांदा सांगू नका, दुसरा घ्या. ‘सासू’ पोचत नसेल तर ‘नितीनची आई’ म्हणा. (नाव मी आपलं उदाहरणादाखल घेतलं.)

फोन कुठे धरतात हे आईला विचारा. मी पैज लावून सांगते, बाबा मोबाइल कानाच्या भोकावर धरत असतील, जसा आयुष्यभर धरला. पण कानामागच्या मशीनचा माइक कानाच्या भोकाजवळ नसतो, कानाच्या वरच्या कडेला, केसांशी असतो. फोनचा आवाज तिथे पोचला पाहिजे. मोबाइलचा ऐकायचा भाग वर सरकवून त्या जागी, साधारण एक बोट अंतर ठेवून, किंचित तिरपा धरायचा. अगदी चिकटवला तर शिट्टी येते. शिट्टी आली की माणूस घाबरून मशीन काढून ठेवतो आणि उघड्या कानाने फोन घेतो, बऱ्याच घरांत हेच चालतं. एकदा आईने त्यांचा हात धरून फोन दोन-दोन मिलिमीटर सरकवत बसावं. आवाज एका जागी अचानक उघडतो. ती जागा सापडली की माणसाचा चेहरा बदलतो, ते पाहण्यासारखं असतं. मशीन घेतलं त्या ठिकाणी दोन गोष्टी विचारून घ्या: त्यात टेलिफोनसाठी ‘टी’चा प्रोग्रॅम आहे का आणि ब्लूटूथ आहे का. ब्लूटूथ असेल तर फोनचा आवाज थेट दोन्ही कानांत जातो. तो आधीच असताना कुणी जोडूनच दिलेला नाही, अशी मशीन मी आठवड्याला एक तरी पाहते.

त्याचबरोबर सेल तपासा. नव्या सेलवरचा रंगीत कागद काढल्यावर एखादं मिनिट हवा लागू द्यायची, मग सेल घालायचा. कानात मळ आहे का ते कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून बघून घ्या. वाईच्या पावसाळ्यात नळीत पाण्याचे थेंब धरतात, तेव्हा रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. आणि एक वेगळी गोष्ट: एका कानाचं ऐकणं एक-दोन दिवसांत अचानक कमी झालं, तर वयाचं आहे म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे उशीर झाला तर उपचाराचा उपयोग कमी होत जातो.

व्हिडिओ कॉल तुमच्यासाठी सगळ्यात चांगला, पण नीट केला तर. तुमच्या पाठीमागे खिडकी असेल तर त्यांना तुमचा चेहरा म्हणजे काळा डाग. खिडकीकडे तोंड करून बसा. फोन डोळ्यांच्या उंचीला टेकवून ठेवा, हातात धरून फिरू नका, जेवताना बोलू नका. त्यांच्याकडे फोनऐवजी टॅब्लेट किंवा टीव्हीवर तुमचा चेहरा मोठा दिसला तर उत्तमच. चित्र अडकलं आणि आवाज पुढे गेला तर ओठ उलट गोंधळ घालतात. अशा वेळी थांबा, चित्र सावरू द्या.

आणि थोडं थांबायला शिका. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. नेटवरच्या कॉलमध्ये जाण्या-येण्यातच त्याहून जास्त वेळ जाऊ शकतो. त्यात बाबांना ऐकलेलं जुळवायला आणखी एखादा सेकंद हवा. तुम्हाला वाटतं त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून तुम्ही पुन्हा बोलता, नेमकं तेव्हाच त्यांचं उत्तर निघालेलं असतं. दोघांचं एकमेकांवर आदळतं आणि ते गप्प होतात. वाक्य संपलं की मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणा. पहिले काही दिवस ते फार जड जातं.

वेळेचंही सांगते. तुमच्या सकाळी साडेआठला फोन केलात तर वाईला उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा, हिवाळ्यात सात. टीव्ही चालू, कुकरची शिट्टी, दिवाबत्ती, आणि दिवसभर कानांवर जोर देऊन दमलेला माणूस. कमी ऐकणाऱ्याला ऐकणं ही मेहनत असते, संध्याकाळी ती संपलेली असते. त्याऐवजी तुमच्या रात्री साडेनऊला करा. तिकडे सकाळचे सात किंवा आठ, चहा झालेला, घर शांत, कान ताजे.

आता काय कशावरून सांगायचं. गोळ्या, तारखा, पैसे, पासवर्ड यांतलं काहीही नुसत्या आवाजावर सोडू नका. बोलून सांगा आणि लिहूनही पाठवा, मोठ्या देवनागरी अक्षरांत, एका संदेशात एकच गोष्ट. गोळीच्या पट्टीचा फोटो काढून त्यावर ‘ही बंद’ असं लिहा. मराठीत टाइप करायचा कंटाळा येत असेल तर जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी बोलून टाइप होतं, पण पाठवण्याआधी वाचा. ‘घेऊ नका’चं ‘घेऊन का’ झालेलं मी पाहिलंय. व्हॉइस नोट औषधांसाठी वापरू नका, तिला ओठही नाहीत आणि उलट प्रश्नही विचारता येत नाही. नातवाची कविता, तुमचं ‘बाबा, आज इथे बर्फ पडला’ यासाठी ती छान, कारण ती पुन्हापुन्हा ऐकता येते. अँड्रॉइड फोनवर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब आहे, बोललेलं मराठीत समोर उमटवतं. आईचा फोन शेजारी ठेवून त्यावर ते चालू केलं तर बाबांना तुमचं बोलणं वाचता येईल. माणसांची, गावांची नावं ते चुकवतं. तरी नव्वदीच्या एका निवृत्त शिक्षकांनी ते माझ्यासमोर पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते उठून उभेच राहिले.

‘कळलं का?’ असं मात्र कधीच विचारू नका. याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं, कारण ‘नाही’ म्हणायची लाज वाटते. त्याऐवजी ‘बाबा, उद्या सकाळी कुठली गोळी घेणार ते सांगा बघू’ असं विचारा. परीक्षा घेतल्यासारखं वाटू नये म्हणून ‘मी नीट सांगितलं का बघते’ असं आधी म्हणा. एवढं डॉक्टरांनी त्या दिवशी केलं असतं तर बाबा पडले नसते.

सगळे मिळून व्हिडिओ कॉल करता, वाढदिवसाला वगैरे, तेव्हा बाबा नुसते हसत असतील. सहा चौकटी, सहा आवाज, त्यांतून काहीच हाती लागत नाही. त्याच दिवशी त्यांना प्रत्येकाने वेगळा पाच मिनिटांचा कॉल करावा.

शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले, मशीन व्यवस्थित, ऑडिओग्रामही (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) तसा बरा. म्हणाले, ‘मॅडम, मशीन काढून टाकायचंय.’ का, तर घरात सगळे जेवताना हसतात. हे विचारतात, ‘काय झालं?’ आणि उत्तर येतं, ‘काही नाही, जाऊ दे.’ ‘दिवसातून दहा वेळा काही नाही ऐकायला मशीन कशाला हवं?’ असं म्हणाले आणि रडले. त्यांच्या सुनेला बोलावलं. तिलाही रडू आलं. तिला कल्पनाच नव्हती, ती बिचारी त्यांना त्रास नको म्हणून ‘जाऊ दे’ म्हणत होती. विनोद फालतू असला तरी पुन्हा सांगायचा, संपूर्ण सांगायचा, एवढंच आम्ही ठरवलं. मशीन काढलं नाही.

बाबा फोन आईकडे देतात ते यातूनच आलेलं आहे. तुम्ही तिकडून ‘बरं, आईला द्या’ म्हणता ना? ते थांबवा. आई आता घरातली दुभाषी झाली आहे. बाबांची प्रत्येक गोष्ट तिच्यातून जाते, तीही दमली असणार, आणि बाबांना विचारायचं हळूहळू सगळेच विसरतात. तुमच्या कॉलची पहिली दहा मिनिटं फक्त बाबांची ठेवा. त्यात तब्येत, गोळ्या काही नको. त्यांना ज्यात रस आहे ते विचारा, कृष्णेला पाणी किती आलं, मेणवलीच्या घाटावर कोण भेटलं. ओळखीच्या विषयात त्यांचा अंदाज बरोबर चालतो, चुका कमी होतात, धीर येतो. औषधांचं त्यानंतर, लिहून.

येते दोन आठवडे रोज त्याच वेळी, व्हिडिओवर, खिडकीकडे तोंड करून बोला, आणि बाबा किती मिनिटांनी फोन आईकडे देतात तेवढं एका कागदावर लिहीत जा. पंधरा दिवसांनी त्या आकड्यांत काहीच फरक दिसला नाही, तर साताऱ्यात त्यांच्या कानांची तपासणी पुन्हा करून ऑडिओग्राम मला दाखवा. मग मशीनचं बोलू.